वांद्रे

वांद्रे (बोलीभाषेत बांद्रा) हे महाराष्ट्राच्या मुंबई उपनगर जिल्ह्यातील एक उपनगर आहे. साष्टी बेटाच्या नैर्ऋत्य टोकावर, माहीमच्या खाडीच्या उत्तरेस ते वसलेले आहे. पश्चिम रेल्वेच्या लोहमार्गामुळे त्याचे वांद्रे पश्चिम आणि वांद्रे पूर्व असे दोन भाग पडतात. मुंबईतील सर्वांत महागड्या निवासी वस्त्यांमध्ये वांद्रे पश्चिमेची गणना होते. वांद्रे पूर्वेस मुंबई उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय आणि वांद्रे-कुर्ला संकुल हे व्यापारी केंद्र आहे. १९५० पर्यंत वांद्रे हे स्वतःची नगरपालिका असलेले वेगळे गाव होते. या गावाचे अवशेष, म्हणजे रणवार, चिंबई, शेर्ली, पाली, चुईम यांसारखी गावठाणे, आजही उंच इमारतींच्या मधोमध टिकून आहेत.

नाव

वांद्रे हे नाव 'बंदर' या फारसी शब्दावरून आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. पोर्तुगीज व नंतरच्या इंग्रजी कागदपत्रांत ते 'बांदोरा' असे आढळते. मराठीत वांद्रे, हिंदी व गुजरातीत बांद्रा आणि इंग्रजीत बँड्रा अशी तिन्ही रूपे आज एकाच वेळी वापरात आहेत. रेल्वे स्थानकाच्या मराठी फलकावर वांद्रे लिहिलेले असले, तरी रिक्षाचालकाला सांगताना बहुतेक मराठी भाषकही बांद्रा असेच म्हणतात.

भूगोल

वांद्र्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस माहीमची खाडी, उत्तरेस खार आणि पूर्वेस मिठी नदीचे पात्र आहे. विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन येणारी सुमारे १८ किलोमीटर लांबीची मिठी नदी येथेच माहीमच्या खाडीतून समुद्रास मिळते. पश्चिम भागात माउंट मेरीची टेकडी आणि पाली हिल हे दोन उंचवटे आहेत. त्यांच्या पायथ्याचा किनारा वाळूचा नसून काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. पूर्वेकडील बराच भूभाग मूळचा खाजणाचा, म्हणजे भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारा व तिवरांनी व्यापलेला होता. दोन्ही भागांच्या सामाजिक इतिहासातील फरकाचे मूळ काही अंशी या भूरचनेत आहे. उंच, कोरडी व वाऱ्याची जमीन पश्चिमेस होती. सखल व दलदलीची पूर्वेस होती.

इतिहास

पोर्तुगीज काळ

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यांबरोबर साष्टी बेटावरील वांद्रेही पोर्तुगीज अमलाखाली आले. त्यावेळी येथे कोळी, कुणबी, भंडारी, आगरी अशा समाजांची वस्ती होती. मासेमारी, भातशेती आणि ताडी काढणे हे मुख्य व्यवसाय होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट पाद्र्यांनी येथे धर्मप्रसार केला व रहिवाशांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. समुद्रकाठच्या संत आंद्रे चर्चची स्थापना १५७५ सालची मानली जाते. भूशिराच्या टोकावर १६४० मध्ये 'कास्तेला द अग्वाद' हा लहान किल्ला बांधण्यात आला. अग्वाद म्हणजे गोड्या पाण्याची जागा. जवळून जाणाऱ्या जहाजांना येथे पिण्याचे पाणी मिळत असे.

१६६१ च्या विवाहकरारानुसार मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे गेले, परंतु साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यामुळे माहीमची खाडी ही दोन सत्तांमधील सीमा झाली. अलीकडे माहीमचा इंग्रजी किल्ला आणि पलीकडे वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला अशी स्थिती पुढील सुमारे पाऊण शतक होती. हे सीमेवरचे स्थान वांद्र्याच्या पुढील इतिहासातही निरनिराळ्या रूपांत टिकून राहिलेले दिसते.

मराठे व इंग्रज

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टीचा बहुतेक भाग जिंकला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडल्यास मुंबईला धोका निर्माण होईल, या भीतीने इंग्रजांनी पोर्तुगीजांना तो पाडण्यास भाग पाडले. आज दिसणारे तटाचे अवशेष व कमान हे त्यातून उरलेले भाग आहेत. टेकडीवरील मेरीचे प्रार्थनामंदिरही याच धामधुमीत नष्ट झाले. सुमारे पस्तीस वर्षांच्या मराठा अमलानंतर डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला.

कॉजवे आणि रेल्वे

इंग्रजी अंमल आला तरी मुंबई आणि वांद्रे यांच्यामध्ये पाणी होतेच. लोक होडीने खाडी ओलांडत आणि पावसाळ्यात हा प्रवास जिवावर बेतत असे. खाडीवर मार्ग बांधण्याचा खर्च उचलण्यास कंपनी सरकार तयार नव्हते. अखेरीस सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी तो दिला. आरंभी त्यांनी १,००,००० रुपये दिले व काम अपुरे राहिल्यावर आणखी ५७,००० रुपये दिले. या मार्गावर कोणाकडूनही जकात घेऊ नये, अशी अट त्यांनी घातली होती. १८४५ मध्ये माहीम कॉजवे रहदारीस खुला झाला. त्याच्या दक्षिणेकडील लेडी जमशेटजी मार्गास त्यांचेच नाव आहे. मात्र त्या रस्त्याचा उल्लेख आता सर्रास 'एल. जे. रोड' असा होत असल्याने दात्रीचे नाव फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने एप्रिल १८६७ मध्ये विरार ते मुंबई अशी उपनगरी गाडी सुरू केली. त्यानंतर वांद्र्यात राहून मुंबईत नोकरी करणे शक्य झाले. स्थानकाची उतरत्या छपराची, लाकडी कोरीवकामाची सध्याची इमारत १८८८ मधील असून तिला पहिल्या श्रेणीच्या वारसा वास्तूचा दर्जा आहे. १८७६ मध्ये वांद्रे नगरपालिका स्थापन झाली. १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबई शहरातील ज्यांना शक्य होते त्यांनी साष्टीकडे धाव घेतली. साथ वांद्र्यातही पोहोचली. गल्लीच्या तोंडाशी व चौकांत उभे असलेले अनेक दगडी क्रूस रोगापासून रक्षण व्हावे म्हणून त्या काळात उभारले गेले. त्यांपैकी बरेच आजही फुले वाहून पूजले जातात, तर काही रस्तारुंदीच्या वादात सापडले आहेत.

उपनगराची आखणी

विसाव्या शतकाच्या आरंभी वांद्र्याच्या भातखाचरांचे रूपांतर आखीव भूखंडांत होऊ लागले. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली तयार झालेल्या सुरुवातीच्या योजनांमध्ये वांद्र्याच्या योजनेचा समावेश होतो. टर्नर, कार्टर, पेरी अशी अधिकाऱ्यांची नावे असलेले रस्ते आणि वांद्रे, खार व सांताक्रूझ यांना जोडणारा लिंकिंग रोड ही या आखणीची देणगी होय. ख्रिस्ती गृहनिर्माण सहकारी संस्थांनी बंगल्यांच्या वसाहती उभारल्या. त्यांत स्थानिक कुटुंबांबरोबर गोवा व मंगळूरहून आलेली नोकरदार कुटुंबेही स्थायिक झाली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची मोठी भर पडली. पारशी, बोहरा, कोकणी मुसलमान आणि गुजराती कुटुंबे त्याआधीपासून येथे होती.

या काळातील वांद्रे सुखवस्तू असले, तरी आजच्या अर्थाने श्रीमंत नव्हते. खाडीलगत महानगराचा कत्तलखाना होता व तो १९७१ मध्ये देवनारला हलविण्यात येईपर्यंत त्या बाजूच्या जागेला फारसा भाव नव्हता. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढवून वांद्रे बृहन्मुंबईत समाविष्ट करण्यात आले आणि स्वतंत्र नगरपालिकेचा शेवट झाला.

ईस्ट इंडियन समाज आणि गावठाणे

पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या येथील मूळ रहिवाशांचे वंशज 'ईस्ट इंडियन' या नावाने ओळखले जातात. हे नाव १८८७ मधील आहे. रेल्वे व इंग्रजी कचेऱ्यांमधील नोकऱ्यांसाठी गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती उमेदवारांपासून आपली वेगळी ओळख असावी, म्हणून राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी या समाजाने ते स्वीकारले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन ही संस्था स्थापन केली. इंग्रजी नाव, पोर्तुगीज आडनावे आणि मराठी मातृभाषा असा हा मेळ बाहेरच्यांना अनेकदा बुचकळ्यात टाकतो. जुन्या पिढीची घरगुती बोली ही उत्तर कोकणातील मराठीचे एक रूप असून तिच्यात अनेक पोर्तुगीज शब्द मिसळलेले आहेत. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचं पाणी' आणण्याचा विधी आणि नऊवारी धाटणीचे लुगडे यांतून हिंदू शेजाऱ्यांशी असलेले जुने नाते दिसते. मिरच्या व अनेक मसाल्यांचे पदार्थ कुटून काचेच्या बाटल्यांत भरला जाणारा 'बाटली मसाला' हा या समाजाच्या स्वयंपाकाचा आधार आहे. ऑक्टोबरमधील 'आगेरा' हा नव्या भाताचा सण चर्चमध्ये अजून साजरा होतो. वांद्र्यातील भातशेती कधीच संपल्यामुळे त्यासाठीच्या लोंब्या मात्र बाहेरून आणाव्या लागतात.

जुन्या वांद्र्याची वस्ती लहान लहान पाड्यांची होती व त्यांना 'पाखाडी' म्हणत. शेतजमिनी विकल्या गेल्या, तरी घरांची जागा गावठाण म्हणून राहिली. म्हणून नकाशावर वांद्रे पश्चिम पाहिल्यास सरळ रस्त्यांच्या जाळ्यात मध्येच वाकड्यातिकड्या अरुंद गल्ल्यांची बेटे दिसतात. हिल रोडलगतचे रणवार हे त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. बाहेरून चढणारा लाकडी जिना, ओटा, कौलारू छप्पर आणि पुढील सज्जा ही येथील घरांची ठळक लक्षणे होत. चिंबई हे कोळ्यांचे गाव असून तेथील काही कुटुंबे अजूनही मासेमारी करतात.

गावठाणांचा प्रश्न मुख्यतः जमिनीचा आहे. घरे वडिलोपार्जित व सामाईक असतात आणि वारसांपैकी बरेच परदेशी गेलेले असतात. गल्ल्या अरुंद असल्यामुळे मोठे बांधकाम करता येत नाही. म्हणून जे वारस राहू इच्छितात त्यांना दुरुस्तीसाठी पैसा मिळत नाही आणि जे विकू इच्छितात त्यांना शेजारच्या भूखंडाएवढा भाव मिळत नाही. यातून सुटण्यासाठी अनेक लहान घरे एकत्र करून इमारत बांधण्याचा मार्ग विकासक सुचवितात. तो स्वीकारल्यास घरमालकाला चांगली सदनिका मिळते, परंतु गावठाण राहत नाही. गावठाणांच्या व कोळीवाड्यांच्या सीमा सरकारने निश्चित कराव्यात, त्यांची गणना झोपडपट्टीत करू नये आणि त्यांच्यासाठी वेगळी बांधकाम नियमावली असावी, या मागण्या रहिवाशांच्या संघटना सातत्याने करीत आल्या आहेत.

बंगल्यांकडून मनोऱ्यांकडे

पाली हिल व समुद्रकिनाऱ्यालगतच्या बंगल्यांचे रूपांतर प्रथम तीन-चार मजली इमारतींत आणि नंतर मनोऱ्यांत झाले. या दुसऱ्या टप्प्यामागे १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली हे महत्त्वाचे कारण होते. उपनगरांत भूखंडाच्या क्षेत्रफळाएवढेच बांधकाम करण्याची मूळ मर्यादा होती. नव्या नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची सोय केली. एखाद्या जमीनमालकाने रस्ता किंवा उद्यान यांसाठी आरक्षित जमीन पालिकेला दिली, तर त्याला पैशांऐवजी तेवढ्या बांधकामाचा हक्क मिळू लागला व तो हक्क विकता येऊ लागला. दक्षिणेकडील जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला हक्क उत्तरेकडील उपनगरांत वापरण्यास मुभा होती. ज्या ठिकाणी घराचा भाव सर्वाधिक तेथेच तो वापरणे फायद्याचे असल्याने, मुंबई शहराच्या सीमेला लागून असलेले वांद्रे विकासकांच्या पहिल्या पसंतीचे ठरले. त्याच सुमारास कत्तलखाना गेलेला, भराव घातलेला खाडीकाठही निवासी झाला. रस्ते मात्र बंगल्यांच्या काळात आखलेलेच राहिले. पाली हिलवरील वाहतुकीची कोंडी आणि पाणीपुरवठ्याच्या तक्रारी यांचे मूळ या विसंगतीत आहे.

वांद्रे पूर्व

वांद्रे पूर्वेचा विकास प्रामुख्याने सरकारच्या हातून झाला. स्वातंत्र्यानंतर राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी येथे विस्तीर्ण शासकीय वसाहत बांधण्यात आली. मध्यम उत्पन्न गटाची वसाहत, चित्रकार व शिल्पकारांसाठी कलानगर आणि लेखकांसाठी साहित्य सहवास या वसाहतीही येथेच उभ्या राहिल्या. साहित्य सहवासातील इमारतींना 'झपूर्झा', 'उषःकाल' अशी मराठी साहित्यकृतींची नावे आहेत. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, रमेश तेंडुलकर आदी लेखक तेथे राहत असत. रमेश तेंडुलकर यांचे पुत्र, क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर, यांचे बालपण याच वसाहतीत गेले. कलानगरातील 'मातोश्री' हे शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचे निवासस्थान होते. एकाच पेशाच्या मध्यमवर्गीयांना शासनाने सवलतीत जमीन देऊन वसविण्याचा हा प्रयोग पुढे मुंबईत फारसा झाला नाही आणि जमिनीच्या आजच्या भावात तो होणेही अवघड आहे.

स्थानकालगतच बेहरामपाडा व गरीबनगर या दाट झोपडवस्त्या आहेत. बेहरामपाड्याची वस्ती बहुसंख्येने मुस्लिम असून तेथे शिवणकाम, भरतकाम यांसारखे लघुउद्योग चालतात. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत या वस्तीस झळ पोहोचली. मधुश्री दत्ता यांचा 'आय लिव्ह इन बेहरामपाडा' हा माहितीपट तिच्याविषयीच आहे. स्थानकाच्या पादचारी पुलावरून पूर्व-पश्चिम पाहिल्यास उत्पन्नातील दरी काही शे मीटर अंतरात दिसते.

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांची गर्दी कमी करणे हा संकुलाचा उद्देश होता. मिठी नदीच्या दोन्ही काठांवरील सुमारे ३७० हेक्टर सखल जमीन त्यासाठी घेण्यात आली. राष्ट्रीय शेअर बाजार, अनेक बँकांची मुख्यालये, परदेशी वकिलाती आणि २०१० मध्ये सुरू झालेला भारत डायमंड बोर्स हा हिरे बाजार येथे आहे. खाजणात भराव घातल्यामुळे नदीचे पात्र आकुंचित झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मिठीच्या पुराने कलानगरसह दोन्ही काठांवरील वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर पात्राच्या रुंदीकरणाची व काठांवर भिंती बांधण्याची कामे हाती घेण्यात आली, तथापि भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाल्यास सखल भागांत पाणी साचण्याचा प्रश्न सुटलेला नाही.

मोतमावली आणि वांद्र्याची जत्रा

टेकडीवरील माउंट मेरी चर्चला कोळी व आसपासचे मराठी भाषक 'मोतमावली' म्हणतात. १७०० मध्ये चाच्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडल्याची व पुढे एका कोळ्याला समुद्रात मेरीची दुसरी मूर्ती सापडल्याची कथा सांगितली जाते. मूळ मूर्ती काही वर्षे माहीमच्या संत मायकेल चर्चमध्ये ठेवण्यात आली होती. १७६१ मध्ये प्रार्थनामंदिर पुन्हा बांधून तिची टेकडीवर प्रतिष्ठापना झाली. सध्याची दगडी इमारत १९०४ मधील असून तिचे वास्तुशिल्पी शापूरजी चांदाभॉय हे होत. १९५४ मध्ये या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला.

८ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिन मानला जातो. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची जत्रा भरते. हात, पाय, डोळे, घर, बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू चर्चच्या पायऱ्यांजवळ विकल्या जातात व भाविक आपल्या नवसानुसार त्या अर्पण करतात. घराच्या आकाराच्या मेणवस्तूंना असलेली मागणी मुंबईच्या परिस्थितीवर पुरेशी बोलकी आहे. जत्रेला येणाऱ्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी अशा सर्व धर्मांचे लोक असतात. बेस्टतर्फे या दिवसांत स्थानकापासून जादा बसगाड्या सोडल्या जातात.

आजचे जनजीवन

मेहबूब खान यांनी १९५४ मध्ये हिल रोडजवळ उभारलेल्या मेहबूब स्टुडिओमुळे हिंदी चित्रपटसृष्टीचे वांद्र्याशी नाते घट्ट झाले. दिलीपकुमार, सुनील दत्त व नर्गिस हे पाली हिलवर राहत. बँडस्टँड येथील शाहरुख खान यांच्या 'मन्नत' बंगल्यासमोर आजही चाहत्यांची गर्दी असते. चॅपल रोडच्या भिंतींवर जुन्या चित्रपटांची मोठी भित्तिचित्रे आहेत आणि ती पाहण्यास येणाऱ्यांमुळे गावठाणातील तळमजल्यांवर कॅफे व कपड्यांची दुकाने वाढली आहेत. संत आंद्रे शाळा (१७८०) व संत स्टॅनिस्लॉस शाळा (१८६३) या जुन्या शिक्षणसंस्था होत. स्टॅनिस्लॉस शाळेला हॉकीची परंपरा आहे. लीलावती, होली फॅमिली ही खासगी व महापालिकेचे भाभा ही येथील प्रमुख रुग्णालये आहेत.

वांद्रे पश्चिमेतील रहिवासी संघटना नागरी प्रश्नांबाबत जागरूक मानल्या जातात. कार्टर रोड व बँडस्टँड येथील समुद्रकाठचे पदपथ आणि किल्ल्याच्या परिसराची देखभाल यांत त्यांचा पुढाकार आहे. फेरीवाले, रात्रीचा गोंगाट व वाहनतळ यांविषयीच्या त्यांच्या भूमिकेवर, ती सुखवस्तूंच्या सोयीची असल्याची टीकाही होते.

वाहतुकीच्या दृष्टीने वांद्रे आजही सीमेवरचे गाव आहे. ऑटोरिक्षांना मुंबई शहरात प्रवेश नसल्यामुळे त्या येथेच थांबतात व पुढील प्रवासासाठी टॅक्सी अथवा बस घ्यावी लागते. ५.६ किलोमीटर लांबीचा, आठ मार्गिकांचा वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला आणि २०२४ मध्ये तो किनारा रस्त्याशी जोडण्यात आला. त्याच्यावर पथकर द्यावा लागतो. दुचाकी, तीनचाकी वाहने व पादचारी यांना त्यावर मनाई आहे. त्यांच्यासाठी, तसेच पथकर टाळू इच्छिणाऱ्यांसाठी, आवाबाईंचा १८४५ चा कॉजवे हाच मार्ग आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ही भुयारी मेट्रो सुरू झाली. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचे भुयारी स्थानकही संकुलात बांधले जात आहे. शासकीय वसाहतीतील जमिनीचा मोठा भाग मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलासाठी देण्यात आला असून तेथील जुन्या इमारती टप्प्याटप्प्याने रिकाम्या करण्यात येत आहेत.

प्रशासन

महापालिकेच्या रचनेत वांद्रे पश्चिम एच-पश्चिम विभागात आणि वांद्रे पूर्व एच-पूर्व विभागात मोडते. खार व सांताक्रूझसह धरल्यास २०११ च्या जनगणनेनुसार एच-पश्चिम विभागाची लोकसंख्या सुमारे ३ लाख आणि एच-पूर्व विभागाची सुमारे साडेपाच लाख होती. वांद्रे पश्चिम व वांद्रे पूर्व हे दोन स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ असून ते मुंबई उत्तर मध्य लोकसभा मतदारसंघाचे भाग आहेत. पश्चिमेचा पिनकोड ४०००५० व पूर्वेचा ४०००५१ आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये बृहन्मुंबई जिल्ह्याचे विभाजन होऊन मुंबई उपनगर जिल्हा अस्तित्वात आला व त्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्व येथे आहे.